इम्प्रोव्ह : काहीच लिहिलेले नाही, मग तालीम कशाची?

"काहीच लिहिलेले नसते, मग तुम्ही तालीम कशाची करता?" प्रयोग संपल्यावर हा प्रश्न आम्हाला कोणी ना कोणी विचारतेच. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोनपैकी एक शंका असते. एक तर हे सगळे आधीच ठरलेले आहे आणि आम्ही थापा मारतो. नाही तर हे खरेच आयत्या वेळचे आहे, मग त्यात शिकण्यासारखे काय, बोलघेवड्या माणसाला ते जमणारच. हल्ली कार्यकर्ते मित्र 'आमच्या पोरांनाही हे शिकवा' असे म्हणू लागले आहेत, म्हणून या दोन्ही शंकांना सविस्तर उत्तर देत आहोत. आमच्या गटात प्रत्येक जण नट म्हणून उभा राहतो आणि आळीपाळीने दिग्दर्शनही करतो. तेव्हा जे लिहू ते दोन्ही बाजूंनी.

'इम्प्रोव्ह' म्हणजे इम्प्रोव्हिजेशन, आयत्या वेळी रचलेले नाटक. पाच-सहा नट मोकळ्या जागेत उभे राहतात. पडदा नाही, वेशभूषा नाही, फार तर दोन खुर्च्या. प्रेक्षकांकडून एक शब्द घ्यायचा, 'रेशनकार्ड', 'मामा', 'पहिला पगार', आणि तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा. स्टँडअपमध्ये माणूस एकटा असतो आणि मजकूर घरी लिहून, महिनोन् महिने घासून आणलेला असतो. इथे लिहिलेले काही नसते आणि एकटे कोणी नसते. गोंधळ उडतो तो या दुसऱ्या गोष्टीमुळे. एकट्याचा हजरजबाबीपणा इथे फारसा कामाला येत नाही.

या प्रकाराचे मूळ शोधायला गेलो तर आपण नाट्यगृहात नाही, एका कष्टकरी वस्तीत पोहोचतो. शिकागोमध्ये १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी हल हाउस नावाचे केंद्र सुरू केले. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, ज्यू अशी परदेशातून आलेली गरीब कुटुंबे. तिथे पाळणाघर होते, वर्ग होते, नाटक होते. १९२० च्या दशकात नीव्हा बॉइड या बाई तिथे समाजकार्य करणाऱ्यांना एक वेगळीच गोष्ट शिकवत होत्या, खेळ. लपंडाव, शिवाशिवी अशा खेळांतून मुले एकमेकांशी वागायला शिकतात, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांची विद्यार्थिनी व्हायोला स्पोलिन. पुढे १९३९ ते ४१ या काळात सरकारी रोजगार योजनेतून शिकागोच्या वस्त्यांमध्ये नाट्यशिक्षणाचे काम करताना स्पोलिनबाईंसमोर वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुले आणि मोठी माणसे होती. त्यांना अभिनयावर व्याख्यान देऊन काय उपयोग? त्यांनी खेळ रचले. खेळाच्या नादात माणूस लाजणे विसरतो आणि अभिनय आपोआप होतो.

आंबेडकरी वाचकाला इथे एक ओळखीचे नाव भेटेल. बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्युई त्याआधी शिकागो विद्यापीठात होते, आणि त्या काळात ते हल हाउसच्या विश्वस्त मंडळावर होते. करून शिकणे, एकत्र जगण्यातून लोकशाही शिकणे हा ड्युईंचा विचार त्या वास्तूत मुरलेला होता. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा ड्युईंना शिकागो सोडून नऊ वर्षे झाली होती, आणि स्पोलिनबाई हल हाउसमध्ये आल्या त्याच्याही दहा-अकरा वर्षांनंतर. धागा बारीक आहे, ओढून ताणून मोठा करू नये. पण तो आहे.

स्पोलिनबाईंचे पुस्तक १९६३ मध्ये आले. त्याच्या सुरुवातीलाच त्या म्हणतात की अभिनय कोणालाही करता येतो, आणि तो अडतो ते शाबासकीच्या आशेने आणि नापसंतीच्या भीतीने. लहानपणापासून आपण बरोबर की चूक हे दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचतो, आणि मग स्वतःच्या डोळ्यांनी पाहणेच विसरतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना रस्त्याने चालतानासुद्धा समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यावा लागला, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. स्पोलिनबाईंचे चिरंजीव पॉल सिल्स आणि डेव्हिड शेफर्ड यांनी १९५५ मध्ये शिकागोत 'कंपास' नावाची मंडळी काढली. शेफर्ड यांना कामगारांचे रंगमंच हवे होते, पण प्रेक्षक मिळाले ते विद्यापीठाच्या आसपासचे. (चळवळीतल्या कलापथकांना हे दुखणे ओळखीचे वाटेल.) त्यातूनच १९५९ च्या डिसेंबरात 'सेकंड सिटी' उभी राहिली आणि इम्प्रोव्हला व्यवसायाचे रूप आले. डेल क्लोज यांनी 'हॅरॉल्ड' नावाचा लांब पल्ल्याचा प्रकार रुजवला. एका शब्दावरून तीन वेगळे प्रसंग, ते तीन फेऱ्यांत पुढे सरकतात, मध्ये सगळ्यांचे सामूहिक खेळ, आणि शेवटी धागे एकमेकांत अडकतात. अर्धा-पाऊण तास चालणारा हा प्रकार पाहिला की ठरवून केल्याचा संशय का येतो ते कळते.

आता तालमीकडे येऊ. तालीम प्रसंगाची नसते, कानांची असते.

आमच्या विहाराच्या हॉलमध्ये शनिवारी दोन तास आम्ही जमतो. पहिला अर्धा तास आरसा. दोघे समोरासमोर, एक हालचाल करतो आणि दुसरा त्याचे प्रतिबिंब होतो. थोड्या वेळाने दिग्दर्शक म्हणतो, आता कोणीच पुढाकार घेऊ नका, दोघेही एकमेकांच्या मागे जा. पहिल्या दिवशी हे अशक्य वाटते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन माणसे एकाच वेळी हात उचलतात आणि बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. मग एकेका शब्दाची गोष्ट: वर्तुळात बसून प्रत्येकाने एकच शब्द बोलायचा. इथे हुशार माणूस हमखास अडकतो, कारण त्याने पुढचे वाक्य मनात तयार ठेवलेले असते आणि शेजारी 'पण' म्हणून मोकळा होतो. याला कोणी ध्यानाचा प्रकार म्हणू लागले की आम्ही त्यांना थांबवतो. ही लक्ष देण्याची कसरत आहे, तेवढेच तिला म्हणावे.

त्यानंतर येतो जगभर प्रसिद्ध असलेला नियम, 'होय, आणि'. जोडीदार म्हणाला, "आई, बस सुटली", तर तुम्ही आई आहात आणि बस सुटली आहे. "मी तुझी आई नाही" म्हटले की हशा मिळतो, पण प्रसंग तिथेच मरतो. आधी होय म्हणायचे, मग त्यात काही घालायचे: "सुटली ना? मग आता चालत चल, डबा मी घेते." या नियमाचा एक अर्थ नव्या मुलांना नीट समजावून द्यावा लागतो. होय हे परिस्थितीला आहे, मताला नाही. समोरचा जमीनदार झाला तर तो जमीनदार आहे हे मान्य. त्याच्यापुढे वाकायचे की नाही, हे पात्र ठरवेल.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा खेळ मात्र शिकागोचा नाही. तो कीथ जॉनस्टन या इंग्रज नाट्यशिक्षकाचा आहे. १९६० च्या दशकात लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये शिकवताना त्यांच्या लक्षात आले की नटांचे साधे संभाषणही खोटे वाटते. मग त्यांनी सांगितले, आपला दर्जा समोरच्यापेक्षा किंचित वर किंवा किंचित खाली ठेवून बोला. एकदम प्रसंग जिवंत झाले. दर्जा म्हणजे पद नव्हे, तो शरीरात दिसतो. बोलताना डोके स्थिर ठेवणारा माणूस वर जातो. सारखा चेहऱ्याला हात लावणारा, नजर चुकवून पुन्हा चोरून बघणारा खाली जातो. लांबलचक 'अंऽऽ' म्हणून दुसऱ्याला ताटकळत ठेवणारा वर, तुटक 'अं' म्हणणारा खाली. आणि हे तराजूसारखे आहे, एक पारडे वर गेले की दुसरे खाली येतेच.

जॉनस्टन यांना हे शोधावे लागले. आपल्याकडे ते शोधायची गरज नव्हती. खाटेवर कोण बसतो आणि जमिनीवर कोण, 'या, बसा' कोणाला आणि 'काय रे, काय काम काढलंस' कोणाला, हे गावात पाच वर्षांच्या पोरालाही कळते. घरातही तेच. बाप बोलताना मुलगी किती वेळ नजर वर ठेवू शकते, हे तालमीत मोजून पाहिले की हॉलमध्ये शांतता पसरते. आम्ही एकच प्रसंग चार वेळा करतो. ग्रामपंचायतीत दाखला मागायला आलेली तरुणी आणि ग्रामसेवक. शब्द तेच, फक्त दर्जा बदलायचा. चौथ्या वेळी तरुणीचे डोके स्थिर असते, ती घाई करत नाही, आणि ग्रामसेवक आपोआप कागद शोधू लागतो. एकही शब्द बदललेला नसतो. मुली हा खेळ पुन्हा पुन्हा मागतात.

इथून खरी अडचण सुरू होते.

संहिता नसते तेव्हा तोंडात पहिले काय येते? समाजाने जे साठवून ठेवले आहे तेच. कोणत्याही नव्या गटाला 'लग्न' हा शब्द द्या. पाच मिनिटांत काळी मुलगी, जाडी मुलगी, बायकोला घाबरणारा नवरा आणि साडी नेसलेला पुरुष रंगमंचावर येतो. 'नोकरी' द्या, तोतरा शिपाई येतो. 'शहर' द्या, गावठी बोलणारा वॉचमन येतो. प्रेक्षक हसतात, कारण हे विनोद त्यांनी दूरचित्रवाणीवर हजार वेळा ऐकलेले असतात. आंबेडकरी घरातली मुले याला अपवाद नाहीत. आपण वेगळा इतिहास वाचतो, पण टीव्ही तोच बघतो.

जॉनस्टन यांचा सल्ला असा की हुशारी करू नका, मनात सहज आलेले पहिलेच घ्या, तेच सर्वांत ताजे असते. धीटपणा येण्यासाठी हा सल्ला उत्तम आहे. पण आमचे मत असे की जातीच्या समाजात सहज आलेले पहिले आपले नसते, ते उसने असते. म्हणून आमच्या तालमीत पहिले येऊ देतो, त्यावर कोणाला झापत नाही, आणि मग दिग्दर्शक म्हणतो, "हे झाले. आता याच्या खाली काय आहे?" तोतऱ्या शिपायाच्या खाली बहुधा एक खरा माणूस असतो, एखाद्याचा काका, जो बावीस वर्षे साहेबांच्या गाडीचे दार उघडतो आणि ज्याला प्रत्येक साहेबाचे गुपित माहीत आहे. तो बोलू लागला की विनोदाला तोटा नाही.

जॉनस्टन यांनीच दिलेला केळीच्या सालीचा दाखला आम्ही इथे वापरतो. सालीवरून पाय घसरला की हसू येते ते पडणाऱ्याचा दर्जा घसरतो म्हणून, आणि त्याच्याबद्दल कणव वाटत नाही म्हणून. अंध आजोबा पडले तर कोणी हसत नाही, लोक धावतात. म्हणजे कोणावर हसू येते, यावरून आपल्याला कोणाची कणव येत नाही हे उघड होते. प्रत्येक प्रसंगानंतर आम्ही एवढाच प्रश्न विचारतो: आत्ता पडले कोण?

हा प्रश्न फक्त आपल्यापुरता आहे असे समजू नये. ज्या सेकंड सिटीने साठ वर्षे अमेरिकेला हसवले, तिथल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी २०२० मध्ये संस्थेतल्या वंशभेदाबद्दल उघडपणे लिहिले, आणि अनेक वर्षे कारभार पाहणारे अँड्र्यू अलेक्झांडर यांना पायउतार व्हावे लागले. 'होय, आणि' म्हणायला शिकवणाऱ्या जागेत काहींना कायम होयच म्हणावे लागत होते.

आणि आपल्यासाठी तर ही वाट नवी नाहीच. तमाशातली बतावणी म्हणजे दुसरे काय? गण, गवळण, बतावणी, वग या क्रमात बतावणीला पाठ केलेली संहिता क्वचितच असे. सोंगाड्या समोरची गर्दी बघून, गावातली ताजी भानगड उचलून बोलायचा. 'गाढवाचं लग्न'मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार, 'विच्छा माझी पुरी करा'मधले दादा कोंडके, हे प्रयोगागणिक नवे बोलणारे नट होते. त्या कलेत महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी आयुष्ये घातली. मात्र हसू पिकवणारा खालच्या जातीचा आणि हसणारा वरच्या जातीचा, ही मांडणी अनेकदा तशीच राहिली. गवळणीत वाट अडवलेल्या बाईची थट्टाही तशीच राहिली.

१९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डक यांनी आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा त्यांच्यासमोर नेमका आमचाच प्रश्न होता. लोकांना माहीत असलेला घाट तर हवा, पण त्यातले विष नको. त्याआधी सत्यशोधकी जलशांनी वाट पाडलेली होती. आंबेडकरी जलशाने देवादिकांचा गण काढला, बाईला नाचवणे बंद केले. सोंगाड्या मात्र ठेवला. ही निवड विचार करण्यासारखी आहे. विनोद फेकून देऊन नुसते भाषण करता आले असते. त्याऐवजी अडाणी प्रश्न विचारणारा, जुन्या रूढीला चिकटलेला, वाद घालणारा एक जण त्यांनी समोर उभा केला आणि प्रेक्षकाला त्याच्यावर, म्हणजे स्वतःच्याच कालच्या समजुतीवर हसायला लावले. पुढे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने लोकनाट्याला आणखी वेगळे वळण दिले. आम्ही इम्प्रोव्ह शिकवताना हा भाग आधी सांगतो आणि शिकागो नंतर. या लेखात क्रम उलटा झाला, कारण तुमचा प्रश्न तालमीचा होता.

मग संहिता नसलेल्या नाटकात दिग्दर्शक करतो काय? प्रयोगाच्या वेळी जवळजवळ काहीच नाही. तालमीत मात्र तो बाजूला उभा राहून बोलत असतो. स्पोलिनबाईंनी ही पद्धत घालून दिली. प्रसंग न थांबवता बाहेरून छोट्या सूचना द्यायच्या: "हातातली वस्तू बघ", "त्याला उत्तर दे", "गप्प राहा, बघू काय होतं". आमच्या तालमीतला एक प्रसंग सांगितला तर हे लवकर कळेल. शब्द मिळाला होता 'भाड्याचे घर'. घरमालक झालेल्या मुलाने सहज नाव विचारले. भाडेकरू झालेल्याने खोटे आडनाव सांगितले आणि मग ते खोटे टिकवण्याची त्याची धांदल उडाली. हशा भरपूर. दिग्दर्शिकेने तोच प्रसंग पुन्हा करायला सांगितला, एकच सूचना देऊन: भाडेकरूने डोके हलवायचे नाही आणि खोटे बोलायचे नाही.

"नाव काय म्हणालात?"

"अमित."

"वा. अमित… पुढे?"

"पुढे बँकेत आहे."

"तसं नव्हे, पूर्ण नाव."

"अमित रमेश."

"हे वडिलांचं झालं. त्याच्या पुढे?"

"त्यांच्या पुढे आजोबा. ते आता नाहीत."

मालकाला थेट विचारायचे नाही आणि विचारल्याशिवाय राहवत नाही. मग गाव कोणते, गावात कोणत्या बाजूला, घरात देवघराची जागा लागेल का, रविवारी जेवणाला काय असते, असे तो सगळीकडून फिरू लागला. दिग्दर्शिका बाहेरून एवढेच म्हणाली, "घाम पूस." मालकाची बायको झालेली मुलगी आत आली: "विचारलंत का?" "काय?" "ते… पाण्याचं." शेवटी भाडेकरू शांतपणे म्हणाला, "काका, तो शब्द तुम्ही एकदा म्हणा. मी लगेच उत्तर देतो." यावर मालकाकडे बोलायला काही उरले नाही. त्याने पंखा चालू केला.

पंखा चालू करणे कोणी सांगितले नव्हते. असे काही लिहून मिळत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. घर बघत फिरलेल्या प्रत्येकाला हा प्रसंग माहीत आहे, आणि तो सांगताना आपला आवाज एक तर चढतो किंवा पडतो. इथे पहिल्यांदा मालकाच्या कष्टांवर हसायला मिळाले.

दिग्दर्शकाचे दुसरे काम वाटपाचे. मुली कायम आई होतात, सावळी मुले कायम नोकर होतात, इंग्रजी येणारा कायम साहेब होतो. हे कोणी ठरवत नाही, आपोआप होते, म्हणून मुद्दाम मोडावे लागते. आमच्याकडे वही आहे, तिच्यात कोण काय झाले ते लिहितो. सलग दोन आठवडे कोणी एकाच दर्जाचे पात्र केले की तिसऱ्या आठवड्यात ते त्याला बंद.

सुरू करू पाहणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. सहा ते आठ जण पुरेत. तालमीचे मोबाइलवर चित्रीकरण करू नका, कारण कॅमेरा लागला की शाबासकीची भूक लागते आणि पडलेले प्रसंग उद्या गावभर फिरतात. आणि परवानगीची बाजू. ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत प्रत्येक नाटकाची संहिता लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयातून मंजूर करून घ्यावी लागे. जॉनस्टन यांच्या मंडळींकडे मंजूर करून घ्यायला संहिताच नव्हती, म्हणून ते आपल्या प्रयोगांना 'सार्वजनिक वर्ग' म्हणत. आपल्याकडेही नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागते. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा विचार असेल तर हे आधी एखाद्या वकील मित्राकडून समजून घ्या.

राहता राहिला प्रेक्षकांकडून शब्द घेण्याचा भाग. 'एक शब्द सांगा' असे ओरडून विचारले की पुढच्या रांगेतली पोरे 'डीजे' म्हणतात, किंवा एखाद्या पुढाऱ्याचे नाव घेतात, आणि तोच प्रयोग सगळीकडे होतो. आम्ही प्रश्न बदलला. 'आज सकाळी तुम्ही कोणाला उत्तर द्यायचं टाळलंत?' असे विचारतो आणि थांबतो. पोरे गप्प होतात. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या बायकांमधून कोणीतरी बोलते.